साराजेवोतला एक फोटो

१९४१ सालचा, रस्त्यावरून चाललेल्या बायकांचा. त्यात मुस्लिम झैनेबा हर्दागा आपल्या बुरख्याने रिव्का काविलिओच्या कपड्यांवरचा पिवळा तारा झाकतेय. तो तारा म्हणजे ज्यूंवर लादलेली खूण. आणि हर्दागांचं घर कुठे, तर गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, कचेरीसमोर! तिथेच त्यांनी काविलिओंना आसरा दिला. ज्यूंना मदत केल्याबद्दल झैनेबाच्या वडिलांचा, अहमद सादिक यांचा, यासेनोवाक छळछावणीत जीव गेला.

१९८४ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक संस्थेने हर्दागा कुटुंबाचा गौरव केला. पुढे बोस्नियात युद्ध पेटलं, साराजेवोला वेढा पडला, तेव्हा १९९४ मध्ये झैनेबाला इस्रायलला नेण्यासाठी काविलिओंनीच खटपट केली. मला तरी ही उपकाराची फेड वाटत नाही, सरळसरळ घरोबा वाटतो. साराजेवोच्या जुन्या पेठेत मशीद आणि सिनेगॉग आजही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

फोटो शोधून नक्की बघा.