प्रोस्टेट : आधी माप, मग उपाय

रात्री चारदा उठावे लागते, लघवीची धार बारीक झाली, तरी आपले वडीलधारे 'वय झालं' म्हणून गप्प बसतात. हे बरे नव्हे. तुंबलेल्या लघवीने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅमची असते. ती वाढली की लघवीची वाट आवळते. किती वाढली ते सोनोग्राफीत कळते. भरपूर पाणी पिऊन जावे. लघवी करून आल्यावर पुन्हा पाहिले की आत किती उरते तेही दिसते.

कित्येकांचे गोळ्यांवरच भागते. ऑपरेशन लागलेच, तरी बहुधा पोट फाडावे लागत नाही. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालतात. ग्रंथी फार मोठी असेल तर लेसर. काही मोठ्या रुग्णालयांत मनगटातून वा जांघेतून बारीक नळी घालून तिचा रक्तपुरवठाच रोखतात. त्यासाठी सीटी स्कॅनवर रक्तवाहिन्या आधी पाहून घेतात, कारण त्यांच्या वाटा प्रत्येकाच्या निराळ्या.