मुंबई ते पुणे, रुपया रुपया मांडत

आईच्या पोटात वीस आठवड्यांची झालेली मुलगी. लांबी वीतभर. आणि तिच्या दोन इवल्याशा अंडाशयांत बीजं किती? साठ ते सत्तर लाख! नुसतं म्हणून हा आकडा डोक्यात शिरत नाही. म्हणून एकेका बीजाच्या नावाने रुपयाचं एकेक नाणं घ्या, 22 मिलिमीटर व्यासाचं, आणि रस्त्याच्या कडेने एकाला एक चिकटवून मांडत चला. मुंबईहून निघालेली सत्तर लाखांची रांग बोरघाट चढते, लोणावळा मागे टाकते आणि थेट पुण्यात पोचते. 154 किलोमीटर!

आता नाणी उचलायला लागा. ती जन्माला येते तेव्हा उरतात दहा ते वीस लाख. पंधरा धरू. रांग 33 किलोमीटर, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे, 1853 मध्ये आपली पहिली आगगाडी धावली जवळजवळ तेवढी. ती वयात येते तेव्हा तीन-चार लाख, रांग दादरलाच संपते. आणि पाळी सुरू झाल्यापासून जाईपर्यंत प्रत्यक्ष बाहेर पडतात ती फक्त चारशेच्या आसपास. रांग 8.8 मीटर. लोकलचा अर्धा डबासुद्धा भरत नाही! कुठे पुणं आणि कुठे अर्धा डबा, आणि तोही महिन्याला एक नाणं अशा हिशेबाने.

हा हिशेब एखाद्या महिन्यात मोडतो. एकाऐवजी दोन बीजं सुटतात, दोन्ही फळतात आणि वेगवेगळ्या तोंडवळ्याची जुळी पोटात वाढू लागतात. एकाच बीजाचे दोन भाग होऊन झालेली हुबेहूब जुळी वेगळी. ती जगात जवळपास सगळीकडे हजार बाळंतपणांत चारच्या आसपास, ना फार कमी ना फार जास्त. खरी उलथापालथ आहे ती दोन बीजांच्या जुळ्यांत, आणि तिची सूत्रं आईच्या हाती.

सूत्रं हलवते मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी. वजन अर्धा ग्रॅम; एका रुपयाच्या नाण्याच्या भारात अशा सात बसतील! तिने बीज पिकवणारं संप्रेरक जरा जास्त सोडलं, की एकाची दोन. वय वाढतं तसं ते वाढतं, म्हणून पस्तीस ते एकोणचाळीस या वयात अशा जुळ्यांची शक्यता सर्वांत जास्त. आधीची बाळंतपणं, उंची आणि जास्त वजन यांनीही ती वाढते. आणि माहेर! आईला किंवा सख्ख्या बहिणीला अशी जुळी झाली असतील, तर बाईची शक्यता साधारण दुप्पट. नवऱ्याच्या घराण्यात जुळ्यांची रांग लागलेली असली, तरी त्याच्या बायकोच्या बीजांवर काडीचा परिणाम नाही. सासरच्यांनी श्रेय घेऊ नये, एवढं मला ठामपणे वाटतं.

आता एक गाडी जोडू. स्लीपरचे चौदा डबे, डब्यात 72 बर्थ, म्हणजे एक हजार बाळंतिणी. भारतातली गाडी असेल तर जुळ्यांच्या आया नऊच्या आसपास. पाच डबे सुने! जगाची सरासरी घेतली तर बारा, तरी डब्याला एक पुरत नाही. आणि नायजेरियाच्या ओयो राज्यातल्या इग्बो-ओराची गाडी? नायलँडर या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत योरुबा बायकांच्या नोंदी तपासल्या, तिथे पंचेचाळीस ते पन्नास! प्रत्येक डब्यात तीन-तीन, चार-चार. हुबेहूब जुळी वजा केली तर आपल्या आठपट. तिथे आधी जन्मलेला तो ताइवो, मागून आलेला केहिंदे. गल्लीत उभं राहून 'ताइवो' अशी हाक मारली, तर किती दारं उघडतील! गावकरी श्रेय देतात भेंडीच्या पानांच्या कालवणाला. ते सिद्ध झालेलं नाही.

साऱ्या जगाची जुळी मोजू. उपचारांनी झालेली, हुबेहूब, सगळी धरून वर्षाला सोळा लाख जोड्या. दिवसाला जवळजवळ 4,400! गर्दीच्या वेळची खच्चून भरलेली एक लोकल, आणि पाठोपाठ तेवढीच भरलेली दुसरी. पहिलीत एक भावंड, दुसरीत दुसरं. रोज. रविवारीसुद्धा!

आणि या सगळ्यांवर कडी करते ती रशियातल्या शुया गावची बाई. गिनीज बुकात नोंद आहे ती फ्योदर वासिल्येव या शेतकऱ्याची बायको म्हणून. 1725 ते 1765 या चाळीस वर्षांत 27 बाळंतपणं. सोळा वेळा जुळी, सात वेळा तिळी, चार वेळा एकदम चार. एकही बाळंतपण एकट्या मुलाचं नाही! बेरीज 69. काही अभ्यासक यावर शंका घेतात, पण नोंद आजही कायम आहे. 72 बर्थच्या डब्यात ही मुलं बसवा, आई-बापांना जागा द्या. उरला एक बर्थ!

पण जुळ्यांचं बाळंतपण म्हणजे वेळेआधी प्रसूती, वाढलेला रक्तदाब, रक्त कमी पडणं यांचा धोकाही जास्त. तेव्हा दिवस राहिले असतील, वय पस्तिशीपुढे असेल किंवा माहेरी जुळी झाली असतील, तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना ते सांगा आणि सुरुवातीची सोनोग्राफी चुकवू नका.