जुन्या यंत्रावर नवा माल : पोकेमॉन कसा खपला

व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, त्याचा व्यापाराच्या पानाशी काय संबंध, असे काही वाचक विचारतील. संबंध आहे. ज्या मालाकडून कोणालाच फारशी आशा नव्हती तो माल कसा उचलला गेला, हे दुकानदाराने आणि कारागिराने समजून घेण्यासारखे आहे.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निंटेंडो कंपनीने ‘पोकेमॉन’ या खेळाच्या दोन कॅसेटी बाजारात आणल्या, एक लाल आणि एक हिरवी. त्या चालायच्या ‘गेम बॉय’ नावाच्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर. हे यंत्र १९८९ सालचे. त्याच्या पडद्यावर रंग नव्हते, फिकट-गडद अशा चार छटा तेवढ्या. १९९६ साली टीव्हीला जोडायची मोठी रंगीत यंत्रे जोरात होती आणि गेम बॉयचा बाजार संपत आला असेच धंद्यातले लोक धरून चालले होते. आमच्या भाषेत सांगायचे तर, सात हंगामांपूर्वीच्या डिझाईनचा तागा नवा म्हणून काउंटरवर ठेवण्यातला हा प्रकार.

खेळ बनवणारी गेम फ्रीक ही छोटी कंपनी होती. तिचे प्रमुख सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढले. लहानपणी त्यांना किडे पकडून जमवण्याचा नाद होता. पुढे शेते गेली, इमारती आल्या, किडेही गेले. गेम बॉयची दोन यंत्रे एका तारेने जोडता येत. त्या तारेतून एक किडा इकडून तिकडे जातो आहे, अशी कल्पना त्यांच्या डोक्यात आली आणि त्यातून हा खेळ निघाला. प्राणी पकडायचे, पाळायचे, लढवायचे आणि आपसांत बदलून घ्यायचे.

माल तयार व्हायला सहा वर्षे लागली. मध्यंतरी पैसा संपला, काही कर्मचारी सोडून गेले. ताजिरी यांनी स्वतः पगार घेतला नाही, वडिलांच्या आधारावर दिवस काढले. कंपनी मजुरीवर दुसऱ्यांचे खेळ बनवून देत होती. १९९१ साली निंटेंडोसाठी योशी या पात्राचा खेळ त्यांनीच केला. आपला माल मागावर अर्धवट ठेवून दुसऱ्याचे जॉबवर्क करावे लागते, हे आपल्या पॉवरलूमवाल्यांना समजावून सांगायला नको. अखेर त्सुनेकाझू इशिहारा यांच्या क्रिएचर्स कंपनीने भांडवल घातले आणि हक्कात वाटा घेतला.

आता खरी मेख. दोन कॅसेटी का? खेळ तोच, पण काही प्राणी एकीतच सापडतात. लाल कॅसेटमधला साप हिरवीत नाही, हिरवीतले मांजर लालमध्ये नाही. शिवाय काही प्राणी असे की अदलाबदल केल्याखेरीज ते पूर्ण वाढतच नाहीत. म्हणजे एकट्या मुलाचा संग्रह कधी पुरा होत नाही. त्याला शेजारच्या मुलाला गाठावे लागते, आणि शेजाऱ्याकडे कॅसेट नसेल तर ती घ्यायला लावावी लागते. गिऱ्हाईकच दलाल झाले, तेही बिनदलालीचे! आणि यंत्र जुने असल्याचा उलटा फायदा झाला. ते स्वस्त होते आणि लाखो घरांत आधीच पडून होते.

विक्री पहिल्या दिवसापासून धडाक्याची नव्हती. मासिकांनी फारशी दखल घेतली नव्हती. माल एका हातातून दुसऱ्या हातात, शाळेच्या आवारातून पसरत गेला. यात एक मजेदार गोष्ट घडली. जाहीर प्राणी १५०. पण काम संपता संपता तपासणीसाठी घातलेला भाग काढल्यावर कॅसेटमध्ये किंचित जागा उरली, तेव्हा शिगेकी मोरिमोतो या कारागिराने तिथे १५१ वा प्राणी बसवला, ‘म्यू’. तो गिऱ्हाइकाला मिळायचा नव्हता. मात्र कॅसेटमधल्या दोषामुळे काही मुलांना तो दिसला आणि अफवा उठली. कोणी बघितला, कुठे बघितला, याचीच चर्चा. मग ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकाने वीस जणांना म्यू देण्याची योजना जाहीर केली. सुमारे ७८ हजार अर्ज आले. विक्रीचा वेग तिथून वाढला.

माझ्या मते या अफवेचे कौतुक लोक जरा जास्तच करतात. मुलांनी कॅसेट पुन्हा पुन्हा हाताळली ती खेळ भरीव होता म्हणून. पोकळ मालावर अफवा आठवडाभरही टिकत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निळी कॅसेट निघाली. ती आधी दुकानात ठेवलीच नाही, कोरोकोरोमार्फत टपालाने विकली. १९९८ मध्ये खेळ अमेरिकेत गेला. लाल, हिरवी आणि निळी मिळून जगभर तीन कोटींहून अधिक कॅसेटी खपल्या, आणि मरणपंथाला लागलेले गेम बॉय यंत्रही त्यांच्याबरोबर पुन्हा चालू लागले. पोकेमॉनचे हक्क आजही निंटेंडो, गेम फ्रीक आणि क्रिएचर्स या तिघांच्या भागीदारीत आहेत.