मुठीचा तांदूळ

लग्न होऊन चिंचोटीला आले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. भाताला तांदूळ मोजून घेतला, तर सासूबाईंनी त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकली. मला वाटलं, नव्या सुनेचा अंदाज चुकला म्हणून असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच! घरची भातशेती, कणगी भरलेली, मग ही मूठ कशासाठी? शेवटी धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, लढाईची सवय आहे ती. जात नाही आता."

आई आता नव्वदीच्या घरात आहेत. ती लढाई म्हणजे १९३९ ते १९४५चं दुसरं महायुद्ध. तोफा धडाडल्या युरोपात नि ब्रह्मदेशात, आणि मूठ कमी झाली गिरगावातल्या चाळीत, हे कसं, ते मला त्यांच्याकडूनच कळलं.

१९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. आपल्याकडे तोवर ब्रह्मदेशातून तांदळाची जहाजंच्या जहाजं यायची, ती बंद पडली. मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली आणि माणसं बिऱ्हाडं आवरून गावी पळाली. आईंचे वडील नोकरीसाठी चाळीत राहिले आणि बायकोमुलांना त्यांनी आजोळी, इथे चिंचोटीला पोचवलं. वसई रोडला उतरायचं आणि पुढे बैलगाडी. आज गावाशेजारून हायवे धडधडत जातो आणि पावसाळ्यात धबधब्यावर मुंबईची झुंबड उडते. तेव्हा मात्र तुंगारेश्वरच्या डोंगरापायथ्याचं हे गाव म्हणजे लपायची जागा! भीतीनं ज्या गावी आल्या, त्याच गावात पुढे सून म्हणून नांदल्या.

बॉम्ब काही पडले नाहीत. चार-सहा महिन्यांनी मंडळी परत गेली, आणि १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्या मानानं मुंबई सुदैवी म्हणायची. पण भात खाणाऱ्या कोकणी घरात कार्डावर गहू, ज्वारी, बाजरी येऊ लागली. चपात्या लाटायला बायका तेव्हा नाइलाजानं शिकल्या. आज आपण पोळीभाजीचा डबा भरतो, त्यात त्या नाइलाजाचाही थोडा वाटा आहे.

आणि गंमत बघा, तांदूळ पिकत होता चिंचोटीला, पण शेतकऱ्याला सरकारची लेव्ही भरावी लागायची आणि मुंबईत धान्य न्यायला बंदी. तरी आजी यायचीच. लुगड्याच्या ओच्यात चार शेर तांदूळ बांधून, पोटुशी बाई असल्यासारखी जपून चालत! आई हे सांगताना अजून हसतात.

१९४४ च्या १४ एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळ्याचं जहाज फुटलं. शेकडो माणसं गेली, आणि गोदामांतलं धान्यही जळालं. चाळीची तावदानं फुटल्याचं आईंना आठवतं. त्यांची आई मात्र म्हणाली होती म्हणे, "आता कार्डावर काय मिळणार?" तिला निर्दय म्हणू नका, मैत्रिणींनो. चार पोरांची आई दुसरं काय म्हणणार?

कापडाचंही तेच. मिलचं कापड लष्कराकडे जाऊ लागलं, भाव चढले, आणि १९४३ मध्ये कापडावर कंट्रोल आला. नऊवारीपेक्षा पाचवारीला चार वार कमी लागतं, हा हिशेब कुणालाही पटणारा! लढाईमुळेच पाचवारी आली असं मी म्हणणार नाही. शाळा-कॉलेजातल्या मुली ती आधीच नेसू लागल्या होत्या. पण तोवर नाक मुरडणाऱ्या सासवांचं तोंड टंचाईनं बंद झालं, हे खरं. रेशनिंगच्या कचेऱ्यांत लिहित्या-वाचत्या मुलींना नोकऱ्याही मिळाल्या.

सगळ्यांनाच काही मिळालं असं नाही. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, तलासरीकडे, वारली बायका-पुरुष जमीनदारांचं गवत कापत. लढाईत सगळ्याचे भाव वाढले, मजुरी मात्र तशीच. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागितले आणि संप केला, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि तिकडे माणगावकडचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस हाती घेतला तो त्यांच्या विधवा पत्नीनं.

लढाई संपली तरी रेशन संपलं नाही. उलट १९४६ साली माणशी रोजचं धान्य बारा औंसांवर आलं. आजच्या मापानं साडेतीनशे ग्रॅमसुद्धा नाही. ते साल आलं की आई जरा थांबतात. त्यांच्या आईला तेव्हा दिवस गेले होते. कार्डावर तिचा वाटा नवऱ्याइतकाच होता. सरकारनं बाईचं पोट पुरुषाच्या पोटाएवढंच धरलं होतं! पण ताटात तसं नव्हतं. आधी नवरा, मग पोरं, मग उरेल ते ती. "मला भूक नाही" हे तिचं पाठ झालेलं वाक्य. मूल सातव्या महिन्यात आलं आणि राहिलं नाही. ती स्वतः पुढे जगली, पण पूर्वीसारखी कधी उभी राहिली नाही.

"रेशन कमी होतं म्हणून का हो?" मी विचारलं.

"रेशन सगळ्यांनाच कमी होतं," आई म्हणाल्या. "तिला त्याहून कमी होतं."

यावर मला बोलता आलं नाही. तुमच्या घरी मागाहून, उरलंसुरलं घेऊन कोण बसतं, ते तुम्हीच बघा. आमच्या घरी मात्र मी आल्यापासून नियम एकच आहे: पानं सगळ्यांची एकदम. सुनेनं मागून जेवायचं नाही. नवी सून मी, बिचकून नको म्हटलं, तर आई रागावल्याच!

लढाईपुरतं म्हणून आलेलं ते कार्ड अजून घराघरांत आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तर त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लावलं. आमच्या कार्डावर पहिलं नाव आईंचं. त्याचा त्यांना कोण अभिमान! गेल्या महिन्यात हट्टानं स्वतः दुकानात आल्या. मशीनवर अंगठा काही उमटेना, रेषाच झिजल्यात. दुकानदार म्हणाला, "आजी, सुनेचा लावू द्या." त्या हलल्या नाहीत. पदरानं अंगठा पुसून पुसून चौथ्यांदा ठेवला, तेव्हा उमटला.

घरी येऊन तांदूळ सुपात घेतला, निवडला. दुपारी पानं मांडली, तेव्हा मी आमटी गरम करत ओट्याशीच होते. त्यांनी भाताला हात लावला नाही. "ये गं," म्हणाल्या, "निवतोय."