हातातील गेम कन्सोल : चित्रक्षमता आणि परवडणारी किंमत

प्रास्ताविक :
हातात धरून खेळावयाच्या गेम कन्सोलचे मूल्यमापन बहुधा त्याच्या पडद्यावरील चित्रांवरून केले जाते. चित्रे जितकी सुस्पष्ट व रंगीत, तितके यंत्र श्रेष्ठ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या क्षेत्राचा इतिहास मात्र तिला पुरेसा दुजोरा देत नाही. घरातील कन्सोल भिंतीवरील विद्युतपुरवठ्यावर चालते. हातातील यंत्राला वीज, उष्णता आणि वजन यांच्या मर्यादेत राहावे लागते. परिणामी चित्रक्षमतेची किंमत ग्राहक दुकानात एकदा आणि वापरताना पुन्हा पुन्हा मोजत असतो.

सेलचा हिशेब :
निन्टेन्डो कंपनीने १९८९ मध्ये 'गेम बॉय' बाजारात आणला. त्याच्या १६०×१४४ पिक्सेलच्या पडद्यावर केवळ चार छटा दिसत आणि पडद्यामागे दिवा नव्हता. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ९० डॉलर होती. त्याच वर्षी आलेले अटारीचे रंगीत 'लिंक्स' सुमारे १८० डॉलरला मिळे. सेगाचा 'गेम गिअर' १९९१ मध्ये अमेरिकेत सुमारे १५० डॉलरला आला. त्याचा पडदाही रंगीत व प्रकाशित होता.

तथापि हा प्रकाश फार महाग होता. गेम गिअरचे सहा सेल तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चाले. तीस तासांच्या खेळाचा विचार केल्यास गेम बॉयला आठ सेल पुरत, तर चार तासांच्या सरासरीने गेम गिअरला आठ संच, म्हणजे अठ्ठेचाळीस सेल लागत. मुलाला यंत्र घेऊन देणाऱ्या पालकाला हा फरक दुकानातील किमतीच्या चिठ्ठीवर दिसत नसे.

गेम बॉयचे रचनाकार गनपेई योकोई यांची भूमिका अशी होती, की स्वस्त झालेले, मुरलेले तंत्रज्ञान नव्या उपयोगाकडे वळवावे. गेम बॉय व त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. गेम गिअरची विक्री सुमारे एक कोटीच राहिली. याचे सर्व श्रेय किमतीला देणे योग्य होणार नाही. अमेरिकेत यंत्राबरोबर मिळणाऱ्या 'टेट्रिस'चाही त्यात मोठा वाटा होता, आणि त्या खेळाला रंगांची गरज नव्हतीच.

पिक्सेलचा भार :
आजच्या यंत्रांत सेलची जागा पुनर्भारित होणाऱ्या बॅटरीने घेतली असली, तरी मूळ पेच कायम आहे. खेळातील प्रत्येक चित्र सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने रचावे लागते. १९२०×१०८० च्या चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात, तर १२८०×८०० च्या चित्रात १०,२४,०००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ मध्ये ३९९ डॉलरपासून विक्रीस आणलेल्या 'स्टीम डेक'साठी हा लहान पडदा निवडला. त्यामुळे १५ वॅटच्या मर्यादेत चालणाऱ्या चिपलाही संगणकावरील मोठे खेळ पेलता आले.

२०२५ च्या 'स्विच २' मध्ये दुसरा मार्ग दिसतो. त्यात चित्र कमी पिक्सेलमध्ये रचून प्रशिक्षित न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने ते मोठे करण्याची सोय आहे. अमेरिकेत हे यंत्र सुमारे ४५० डॉलरला आले. २०१७ चे मूळ 'स्विच' ३०० डॉलरला आले होते. बॅटरीही ४३१० वरून ५२२० मिलिअँपिअर-तासांची झाली. असे असूनही कंपनीने दिलेला तिचा अंदाजित कालावधी २ ते ६.५ तास आहे. मूळ यंत्रासाठी तो २.५ ते ६.५ तास होता.