वाकडे हँडल, सरळ हँडल

शाळेच्या सायकल-स्टँडवर सहज नजर टाकली तर एखादी तरी 'रेसर' दिसते. मेंढ्याच्या शिंगांसारखे पुढे जाऊन खाली वळलेले हँडल ही तिची खूण. काही मुले हे हँडल उलटे बसवून घेतात, म्हणजे शिंगे आकाशाकडे. असे का केले म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले: "सर, पाठ दुखते."

माझ्याकडेही अशी एक जुनी रेसर आहे. पन्नाशी ओलांडली आणि मान दुखू लागली. कारण उघड आहे. धड पुढे वाकवायचे आणि रस्ता दिसावा म्हणून डोके मात्र मागे उचलून धरायचे. तासभर हे केले की मानेचे स्नायू तक्रार करणारच. डॉक्टरांनी सायकल सोडायला सांगण्यापूर्वी आपणच सरळ हँडल बसवावे असे मी ठरवले. काम अर्ध्या तासाचे वाटले होते. प्रत्यक्षात त्यातून तरफेचा एक धडा शिकायला मिळाला, आणि तोही उतारावर.

आधी हे पाहू की खाली वळलेले हँडल मुळात कशासाठी असते. सायकलस्वार हवा बाजूला सारत पुढे जातो. हवेचा विरोध स्वाराच्या समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर, त्याच्या आकारावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. क्षेत्रफळ आणि आकार यांचा एकत्रित परिणाम सांगणारा आकडा ताठ बसलेल्या स्वारासाठी सुमारे ०.४० चौरस मीटर आणि खाली वाकलेल्यासाठी ०.३२ धरू. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने ताठ स्वाराला ६ न्यूटन विरोध होतो आणि त्यावर मात करायला ३० वॅट शक्ती लागते. वाकलेल्याला २४ वॅट लागतात. वाचले किती, तर ६ वॅट. आता वेग दुप्पट करा. बल चौपट होते, शक्ती आठपट: ताठ स्वाराला २४० वॅट, वाकलेल्याला १९२. वाचले ४८ वॅट! शर्यतीत हा फरक प्रचंड आहे. शाळेत जाता-येता तो जाणवतही नाही. अपवाद समोरच्या वाऱ्याचा. ताशी १८ किलोमीटरचा वारा तोंडावर असेल तर त्याच संथ वेगाला ताठ स्वाराला १२० वॅट खर्चावे लागतात आणि वाकलेल्याला ९६. सरळ हँडलवाल्याला जुन्या हँडलची आठवण येते ती अशा दिवशी.

बसण्याच्या ढबीचा परिणाम किती होतो याचे एक ठळक उदाहरण ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमन याचे आहे. १९९६ साली मँचेस्टरच्या ट्रॅकवर दोन्ही हात समोर लांब ताणलेल्या ढबीत त्याने एका तासात ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले. पुढे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने तासाच्या विक्रमासाठी जुन्या धर्तीची, खाली वळलेल्या हँडलची सायकल सक्तीची केली. २००० साली त्याच ट्रॅकवर तशा सायकलवर बोर्डमनने ४९.४४१ किलोमीटर गाठले, म्हणजे एडी मर्क्स याच्या १९७२ च्या विक्रमाहून जेमतेम १० मीटर जास्त. माणूस तोच, ट्रॅक तोच. सगळा फरक हँडलचा नव्हे. चाके आणि सांगाडाही वेगळे होते, वयही चार वर्षांनी वाढले होते. पण ढबीचा वाटा मोठा होता यात शंका नाही.

हा भाग वर्गाबाहेर करून पाहता येईल. सूर्य खाली उतरला असताना, ज्या भिंतीवर ऊन समोरून पडते तिच्याकडे पाठ करून, म्हणजे तोंड सूर्याकडे ठेवून, एका विद्यार्थ्याला सायकलवर बसवा. दोघांनी सायकल घट्ट धरावी. आधी ताठ, मग वाकून, अशा दोन्ही सावल्यांच्या कडा खडूने भिंतीवर आखा आणि आत दहा-दहा सेंटिमीटरचे चौकोन मोजा.

आता माझ्या दुरुस्तीकडे वळू. पहिली अडचण मापांची. वळलेल्या हँडलच्या नळीचा बाहेरचा व्यास ब्रेकच्या जागी २३.८ मिलिमीटर असतो, सरळ हँडलचा २२.२. म्हणून जुन्या ब्रेक-लिव्हर नव्या हँडलवर चालत नाहीत. हँडल जिथे पकडले जाते तिथेही गोंधळ असतो: जुन्या रेसरमध्ये २५.४ किंवा २६ मिलिमीटर, नव्या सायकलींत बहुधा ३१.८. २६ च्या पकडीत २५.४ चे हँडल बसते, बोल्ट आवळला की घट्टही वाटते, आणि एखाद्या खड्ड्यात गर्रकन फिरते. माझे गिअरचे खटके सांगाड्याच्या तिरक्या नळीवर असल्याने त्यांना हात लावावा लागला नाही. ज्यांचे गिअर ब्रेक-लिव्हरमध्येच असतात त्यांना तेही बदलावे लागतात.

सायकलवाल्याने सरळ हँडल बसवले, त्यावर त्याच्याकडच्या नव्या लिव्हर चढवल्या. दाबून पाहिल्या. दगडासारख्या घट्ट! बोटे जरा वळताच रबर रिमला टेकत होते. आम्ही दोघेही खूश झालो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या अलीकडच्या उतारावर समोर टेम्पो वळला, मी दोन्ही ब्रेक सर्व ताकदीने दाबले, आणि सायकल जेमतेम मंदावली. रस्त्याकडेच्या चिखलात घालून मी ती थांबवली. बूट आणि वह्यांचा गठ्ठा यांवर निभावले.

चूक काय झाली? ब्रेक-लिव्हर ही तरफ आहे. टेकूपासून बोटांपर्यंतची बलभुजा समजा ८० मिलिमीटर. जुन्या लिव्हरमध्ये वायर टेकूपासून २० मिलिमीटरवर ओढली जाते, म्हणजे बोटांचे बल चौपट होऊन वायरला मिळते. नव्या लिव्हर व्ही-ब्रेकसाठी केलेल्या होत्या. १९९६ च्या सुमारास रूढ झालेल्या या ब्रेकचे बाहू लांब असतात, त्यामुळे वाढीव बल तिथेच मिळते, पण वायर जवळजवळ दुप्पट ओढावी लागते. म्हणून त्या लिव्हरमध्ये भारभुजा मोठी, सोयीसाठी ४० मिलिमीटर धरू. बल दुप्पटच होते. माझ्या सायकलला जुने, आखूड बाहूंचे कॅलिपर ब्रेक. त्यांना हव्या त्या बलाच्या निम्मेच मिळू लागले. बोटांनी ५० न्यूटन लावले तर वायरला २०० ऐवजी १००.

लिव्हर घट्ट वाटत होती तीही याचमुळे. वायर जास्त सरकते म्हणून रबर लवकर टेकते, आणि मग बोटांना पुढे जायला जागाच उरत नाही. बल वाढवणारी लिव्हर हाताला थोडी मऊच लागते. दुकानात चाक उचलून फिरवले आणि ब्रेक दाबला तर दोन्ही जोड्यांत चाक थांबते, कारण चाकावर सत्तर किलोंचा माणूस नसतो.

मग आखूड ओढीच्या, कॅलिपरसाठीच्या लिव्हर मिळवल्या. वायरही नव्या घेतल्या. रेसरच्या वायरचे टोक नाशपातीच्या आकाराचे असते, सरळ हँडलच्या लिव्हरला डमरूच्या बैठ्या सोंगटीसारखे गोल टोक लागते. कानशीने घासून एकात दुसरे बसवू नये.

दोन गोष्टी मात्र आठवडाभराने कळल्या. रेसरवर हात बहुतेक वेळ लिव्हरच्या मुठींवर असतात, म्हणजे हँडलच्या दहाएक सेंटिमीटर पुढे. सरळ हँडलवर ते तेवढे मागे आले आणि गुडघे जणू कोपरांना लागू लागले. वजनही सीटवर सरकले, आणि रेसरची अरुंद सीट बोचू लागली. स्टेम तीन सेंटिमीटर लांब घेतल्यावर बरे वाटले. दुसरी गोष्ट मनगटांची. उभे राहून हात सैल सोडा: तळवे मांड्यांकडे वळलेले असतात. वळलेले हँडल याच ढबीत धरता येते. सरळ हँडलवर तळवे सतत खाली वळवून ठेवावे लागतात आणि धरायला जागाही एकच. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला जी नस जाते तिच्यावर दाब येऊन करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होऊ लागले. हँडलच्या टोकांना पुढे जाणारे छोटे दांडे लावले, त्यामुळे पकड बदलता येते. समोरचा वारा असला की त्यांनाच धरून मी जमेल तेवढा वाकतो.