माहीमच्या खाडीवरील दहा दिवस

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही आज मुंबईचीच उपनगरे होत. सतराव्या शतकात मात्र हा सारा प्रदेश पोर्तुगीजांच्या साष्टी बेटात मोडत असे. आणि मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर माहीमची खाडी ओलांडताच तारीख दहा दिवसांनी बदलू लागली.

ह्याचे कारण असे. पोप तेरावा ग्रेगरी ह्याने केलेली कालगणनेची सुधारणा पोर्तुगालने १५८२ मध्येच स्वीकारली. त्या वर्षी तेथे ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर मानण्यात आला. इंग्लंडने ज्युलियन गणना १७५२ पर्यंत सोडली नाही. शिवाय तेथील कायदेशीर वर्ष २५ मार्च रोजी सुरू होई. परिणामी मुंबईचा ताबा इंग्रजांस मिळाला तो दिवस पोर्तुगीज गणनेने १८ फेब्रुवारी १६६५, तर इंग्रजी गणनेने ८ फेब्रुवारी १६६४ ठरतो. इ. स. १७०० मध्ये हे अंतर अकरा दिवसांचे झाले. म्हणून वसईच्या शरणागतीचा १६ मे १७३९ हा दिवस इंग्रजी गणनेने ५ मे होय.

अशा वेळी शक, मास व तिथी ह्यांचाच आधार घ्यावा लागतो. शिवराज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ ही तिथी एकच; परंतु प्रचलित ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची असून नव्या गणनेने ती १६ जून होते. तात्पर्य, त्या काळचा कागद वाचताना तारखेआधी तो खाडीच्या कोणत्या तीरावर लिहिला गेला, हे पाहणे अवश्य आहे.